बिनकाचेचा आरसा

आरशाचं चित्रीकरण करायचं तर पहिली अडचण आरशाची नसते, आपली असते. आरशासमोर एक बाई उभी करावी, तिच्या मागे आपण कॅमेरा घेऊन उभं राहावं, की आरशात ती दिसते आणि तिच्या खांद्यामागे आपणही दिसतो. एक डोळा मिटलेला, तोंड अर्धवट उघडं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कॅमेराच बिघडला. माझा वर्गमित्र संतोष साहू यानं शांतपणे समजावलं, "कैमरा ठीक है भैया, आप ही दिख रहे हो." पुढच्या आयुष्यात मला हेच अनेकांनी अनेक प्रकारे सांगितलं, त्यात माझी बायकोही आली, पण इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितलं नाही.

आम्ही रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात एका आटाचक्कीच्या वर राहायचो. खाली चक्की, वर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. चक्कीचा पट्टा सुरू झाला की आमच्या फरशीला मुंग्या यायच्या, मांडणीवरचे पेले एकमेकांना हळूच धडकायचे आणि दहा मिनिटांत घरभर पिठाचा पातळ थर बसायचा. आमच्या घरातली माणसं सगळ्या गावापेक्षा एक छटा उजळ दिसायची, ते कुळामुळे नव्हे, गव्हामुळे. आई दिवसातून तीनदा घर पुसायची आणि सकाळी सगळ्यात आधी आरसा. ओल्या फडक्यानं एकदा, कोरड्यानं एकदा, मग पदराच्या टोकानं. घराचा मालक आणि चक्कीचा मालक एकच, दुबेजी. दुपारी दोन ते चार ते पट्टा उतरवून तिथंच पोत्यांवर झोपायचे. तेवढे दोन तास आमच्या घरात माणसाचा आवाज माणसासारखा यायचा. बाकी वेळ आम्ही सगळे ओरडून बोलायचो, आणि पाहुण्यांना वाटायचं, या घरात सदा भांडण चालतं. ते चालायचंच, पण त्याचा चक्कीशी संबंध नव्हता.

तो आरसा आईच्या आंदणातला. सागवानी चौकट, दोन खांबांमध्ये झुलणारी, कंबरेपासून डोक्याच्या वरपर्यंत माणूस दिसेल एवढी. वर्ध्याहून आजोबांनी तो गोधडीत गुंडाळून आणला होता, आणि गाडीत बसायला जागा मिळाली ती आरशाला, स्वतः उभ्यानं आले. आई वर्ध्याला गणपतीतल्या नाटकांत कामं करायची. लहानसहान नाही, मुख्य. एका वर्षी तिच्या रडण्याच्या प्रवेशाला मंडपातल्या बायका अशा रडल्या, की पुढचा विनोदी प्रवेश वाया गेला, असं मामा सांगायचा. लग्न होऊन रायपूरला आल्यावर पहिल्याच वर्षी इथल्या मराठी लोकांच्या मंडळानं नाटकासाठी विचारलं. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "तुले कराचं अशीन तं कर. मी त्या दिवशी ड्यूटी लावून घेतो." आईनं केलं नाही. सव्वीस वर्षं केलं नाही. आरसा मात्र रोज पुसला.

आता पदराचं सांगितलं पाहिजे, कारण या प्रकरणातला माझा मूर्खपणा सगळा त्या पदरात बांधलेला आहे. आपल्याकडच्या बायकांचा पदर छातीवरून डाव्या खांद्यावर जातो आणि पाठीवर सुटतो. तिकडच्या बायकांचा पाठीकडून येतो, उजव्या खांद्यावरून पुढे उतरतो आणि छातीवर पसरतो. त्या स्वतःच्या पद्धतीला सीधा पल्ला म्हणतात आणि आमच्या पद्धतीला उल्टा पल्ला. नावातच निकाल लागलेला. दुबेजींची बायको, जिला आम्ही सगळे दुबेन चाची म्हणायचो, जिन्यावर आई भेटली की म्हणायची, "का मराठिन बाई, छब्बीस साल हो गए, पल्ला अब तक उल्टा?" आई हसून म्हणायची, "आपको उधर से दिखता है ना, इसलिए." आईचं हिंदी वाईट होतं, पण त्यातले टोमणे शुद्ध असायचे.

आमचं राज्य तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं. आमचं गाव रातोरात राजधानी झालं म्हणून सगळे छाती काढून चालत होते, आणि सरकारी पाट्यांवरचं जुन्या राज्याचं नाव रंगानं झाकून वर नवीन लिहिणं सुरू होतं. ऊन पडलं की खालचं नाव वर यायचं. बाबा म्हणायचे, "पाटी बदलली, पेंटर तोच आहे." तेवढ्यात गावात चित्रपट-पत्रकारिता असं काहीतरी शिकवणारी संस्था निघाली आणि मी तिच्यात शिरलो, कारण दुसरीकडे कुठे मला घेतलं नव्हतं. आम्हाला शिकवणारे सर भोपाळहून आले होते. गावात येऊन त्यांना तीन महिने झाले होते, आणि इथलं काय खरं आणि काय बाहेरचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राज्याच्या पहिल्या वाढदिवसासाठी विद्यार्थ्यांनी पाच-पाच मिनिटांच्या फिल्म करायच्या ठरल्या. माझी कल्पना सरांना आवडली. एक साधी बाई सकाळी समारंभाला निघते, आरशासमोर उभी राहते, कुंकू लावते आणि लावता लावता थबकते. बऱ्याच वर्षांनी स्वतःकडे पाहते. बस. सर म्हणाले, "इसमें ठहराव है." मी घरी येईपर्यंत तो शब्द तोंडात घोळवत आलो.

बाई कोण, हा प्रश्नच नव्हता. मी आईला सांगितलं तेव्हा ती परातीत भाकरी थापत होती. "आरशात तुझा चेहरा दिसेल, पूर्ण पडदाभर," मी म्हटलं. तिचा हात थांबला. मग तिनं भाकरी उचलली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "तुह्या बापाले मी पाहून घेतो." रात्री जेवताना तिनं बाबांच्या ताटात पाटवडीचा रस्सा वाढला आणि वाढता वाढता, चक्कीवर आवाज चढवून सांगावं तसं, पण चक्की बंद असताना सांगितलं, "विन्याच्या पिच्चरमंदी मी काम करून राहिलो. ड्यूटी लावून घ्याची अशीन तं आत्ताच सांगा." बाबांनी वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ ती खाली आणली नाही. तो होकार होता. दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी दोन वाजता, पट्टा थांबला की, आरशासमोर उभी राहून थबकायचा सराव करू लागली. मी शाळकरी पोरासारखा दाराआडून पाहायचो. ती थबकायची, मान हलवायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा मला म्हणाली, "थांबणं लई कठीण असते बावा. चालणं कोणालेही जमते."

इकडे मी आणि संतोष आरशाशी कुस्ती करत होतो. आधी आरसा तिरपा केला, तर छत दिसायला लागलं. कॅमेरा बाजूला नेला, तर आईचा फक्त कान आला. मग मी पलंगावरची चादर दोरीवर टांगली, तिला भोक पाडलं, आणि भोकातून कॅमेऱ्याचं नाक काढलं. आरशात बाईच्या मागे एक भोकाची चादर आणि त्यातून डोकावणारा काळा डोळा, असं भुताटकीचं दृश्य आलं. चादर आईच्या चांगल्या जोडीतली होती, ते वेगळं. अखेर सरांनीच जुनी युक्ती सांगितली. आरशात काच ठेवायचीच नाही. रिकामी चौकट खोलीच्या मधोमध उभी करायची, अलीकडे एक बाई पाठमोरी, पलीकडे दुसरी बाई समोर तोंड करून, दोघींनी एकाच वेळी तेच करायचं. अलीकडची बाई खरी, पलीकडची तिचं प्रतिबिंब. काच नाही तर कॅमेरा कशात दिसणार? मी त्या रात्री वहीत खोलीचा नकाशा काढला, बाण दाखवले, अंश मोजले. भूमितीत मला पस्तीस मार्क होते, पण त्या रात्री मी आर्यभटाचा वंशज होतो.

मग मी सरांना आईचा फोटो दाखवला. पलीकडच्या बाजूला, म्हणजे तोंडाच्या बाजूला, ही. सरांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "आपकी माताजी हैं, अच्छा है," ते म्हणाले, "पर ये तो साफ मराठिन लगती हैं. नया राज्य है भाई. चेहरा यहाँ का होना चाहिए." मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज तीन प्रकारे सुचतं. सव्वीस वर्षं या गावातलं पीठ नाकात गेलेली बाई इथली नाही तर कोण, हा एक प्रकार. तेव्हा मी म्हटलं, "जी सर." आणि खरं सांगायचं, म्हणजे आता लपवून मिळायचं काही उरलं नाही म्हणून सांगायचं, तर मला थोडं बरंच वाटलं. मित्र घरी आले की आई मराठीत विचारायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचो. तिनं पोरांना "बसा न, काहून उभे राहून राहिले" म्हटलं की माझे कान तापायचे. पडद्यावर माझं नाव येणार, तेव्हा खालोखाल तो चेहरा आला नाही तर मी इथलाच दिसेन, असं कुठेतरी वाटलं. इतका हिशेबी मी पुन्हा कधी झालो नाही. धंद्यात झालो असतो तर आज घर असतं.

संतोषची भाभी कबूल झाली. बाविशीची, दुर्गकडून लग्न होऊन आलेली, सीधा पल्ला, मोठे डोळे. आणि इथं माझ्या डोक्यात ती दिव्य कल्पना चमकली. आरसा डावं-उजवं उलटवतो. आईचा पदर डाव्या खांद्यावर. भाभीचा उजव्या. म्हणजे अलीकडे आई पाठमोरी, पलीकडे भाभी, पदर आपोआप जुळला. बायकांना साड्या बदलायचीही गरज नाही, एका रंगाच्या दोन आणल्या की झालं. मी संतोषला समजावलं, तो म्हणाला, "हव, बात तो सही है." सरांना समजावलं, ते म्हणाले, "वाह." तीन पुरुषांनी मिळून हा विचार तपासला आणि एकालाही त्यात खोट सापडली नाही. घरात एका बाईला विचारलं असतं तर तिनं भाकरी न थांबवता सांगितलं असतं. पण बाईला विचारायचं म्हणजे तिला सांगावं लागणार होतं, की तू फक्त पाठ आहेस.

ते मी सांगितलं नाही. आईला मी सांगितलं, की आधी एका बाजूनं शॉट घ्यायचा, मग कॅमेरा पलीकडे नेऊन दुसऱ्या बाजूनं. पहिल्यात तुझी पाठ, तिचं तोंड. दुसऱ्यात तिची पाठ, तुझं तोंड. नंतर मशीनवर जोडतात. आईनं विचारलं, "आन दिसीन कोण?" मी म्हटलं, "तूच." मी हे मराठीत म्हटलं. घरात दुसरं कोणी नसलं की मी मराठीत बोलायचो, आणि खोटंही त्याच भाषेत.

ठरलेल्या दिवशी दुपारी दोनला पट्टा थांबला. आईनं सकाळपासून आलूबोंडे तळून ठेवले होते, परातभर, शूटिंगला पन्नास माणसं येणार असल्यासारखे. आम्ही होतो तीन. मी आरशामागची फळी उघडली, खिळे वाटीत ठेवले आणि काच बाहेर काढली. आई ती काच मी हातात धरेपर्यंत श्वास धरून उभी होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, कारण आरशात अक्षरं उलटी दिसायला हवीत. घड्याळ उतरवलं. दोघींचे भांग मधोमध आहेत ना ते पाहिलं. माझी बारकाईची नजर पाहून मीच थक्क होतो. मग भाभी अडली. आई उजव्या हातानं कुंकू लावणार, तर प्रतिबिंबाला डाव्या हातानं लावायला पाहिजे. डाव्या हातानं कुंकू? भाभीनं हात पदराखाली घेतला. "नई भैया, अशुभ होथे," ती म्हणाली. संतोष लाल झाला. आईनं तिच्याकडे पाहिलं, लग्नाला दोन वर्षं झालेल्या पोरीकडे, आणि आपली कुंकवाची डबी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. "तू सीधे हाथ से लगा बेटी. मैं उल्टे से लगाती. मेरेकू उल्टे की आदत है. और मेरे आदमी को कुछ नहीं होता, रोज गाली देके उठता." बाबा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले आणि शेवटपर्यंत तसेच उठले.

पहिला शॉट सहा वेळा घेतला. आई पाठमोरी. भाभीनं मी सांगितलं तसं केलं, कुंकू लावलं, थबकली, डोळे मोठे केले. ठीक होतं. मग मी म्हटलं, आता दुसरी बाजू. कॅमेरा उचलून पलीकडे, भाभीच्या पाठीमागे नेला. काच तोवर स्वयंपाकघराच्या दारापाशी होती, ती आता शॉटमध्ये आली असती. म्हणून मी ती उचलून कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकवली. कॅमेऱ्याला आपल्या मागचं कधी दिसत नाही, तेव्हा तीच सगळ्यात बिनधोक जागा. हेही संतोषला समजावून सांगितलं. आम्हाला संस्थेनं एकच कॅसेट दिली होती आणि तिच्यावर उरली होती चार मिनिटं. दुसऱ्या दिवशी समारंभाच्या मैदानाचे शॉट घ्यायचे होते. जो चेहरा लागणारच नाही त्याच्यावर चार मिनिटं कशाला घालायची? मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, कॅसेट काढली आणि संतोषच्या हातात दिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे घेऊन, शाळेत उभं करतात तसा, कॅमेऱ्याशेजारी आईकडे तोंड करून उभा राहिला. मी डोळा लावला आणि म्हटलं, "एक्शन."

आईनं डाव्या हाताच्या बोटावर कुंकू घेतलं. बोट कपाळावर टेकवलं. समोर पाहिलं, आणि थांबली. मी सरावात पाहिलेलं ते थांबणं नव्हतं. चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, जसं पट्टा थांबल्यावर फरशीतून थरथर निघून जाते. डोळे मोठे झाले नाहीत, उलट जरा बारीक झाले, दूरचं वाचताना होतात तसे. मग ओठांची एकच बाजू किंचित वर गेली. जणू फार दिवसांपासून येईल येईल म्हणून धास्तावलेलं कोणी दारात दिसलं, आणि आल्यावर वाटलं, हा होय, ये. मग तिनं बोटानं कुंकू गोल पूर्ण केलं, नाकावर पडलेला कण पदरानं टिपला आणि तशीच, न हलता, समोर पाहत राहिली. भाभीसुद्धा आपलं काम विसरून तिच्याकडे पाहत होती. मला कट म्हणायचं सुचलं नाही. रिकाम्या कॅमेऱ्याला कट म्हणायचं म्हणजे काय, हेही एक होतंच.

"आलं का?" आईनं विचारलं.

"हाँ आई, आ गया. एकदम बढ़िया," मी म्हटलं. संतोष होता ना, म्हणून हिंदीत.

तिनं मान डोलावली आणि आलूबोंडे वाढायला गेली. संतोष एरवी आठ खायचा. त्या दिवशी त्यानं एक घेतला आणि तो हातातच धरून बसला.

समारंभाला आई सात बायका घेऊन आली. गल्लीतल्या, जिन्यातल्या, भाजीवालीसुद्धा. पुढून तिसरी रांग अडवली होती. दुबेन चाची तिच्या शेजारी, आणि कडेला बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, ड्यूटी न लावता. सभागृहातले दिवे मालवले. पाटी आली, माझं नाव आलं, आईनं चाचीच्या मांडीवर हात ठेवला. मग तो शॉट आला. पडद्यावर अलीकडे एक पाठ, डाव्या खांद्यावरून पाठीवर सुटलेला पदर, अंबाड्याखाली मानेवर तो तीळ, जो मी लहानपणी तिच्या पाठुंगळी बसून बोटानं दाबत असे. आणि पलीकडे आरशात भाभी, छातीवर पसरलेला सीधा पल्ला, त्याचे काठ, त्याची बुट्टी, सगळं लखलखीत. खांदा जुळला होता. बाकी काहीच जुळलं नव्हतं. पाठीवर पदर सुटलेल्या बाईच्या छातीवर पुन्हा पदर कुठून येईल? सभागृहातल्या एकाही पुरुषाला ते दिसलं नाही. प्रत्येक बाईला पहिल्या क्षणाला दिसलं. पहिल्यांदा एक बारीक हसू मागून आलं, मग आणखी एक, मग दुबेन चाचीचा आवाज, जो तीस वर्षं चक्कीवर चढून बोलण्यात घडला होता, "अरे, ये तो दो बाई हैं. पीठ मराठिन की, मुँह हमारा." सगळं सभागृह हसलं. चाचीही हसत हसत शेजारी वळली, आणि मग तिचं हसू थांबलं. तिनं पाठ ओळखली होती.

आई शेवटपर्यंत बसली. मला तिसरं बक्षीस मिळालं तेव्हा टाळ्याही वाजवल्या. फिल्म तीनच होत्या, पण ते तिला माहीत नव्हतं. बायका पांगल्या, भाजीवाली "अच्छा था, अच्छा था" म्हणत लवकर निघून गेली. घरी जाताना आम्ही तिघं चालत होतो, बूढ़ातालाबच्या कडेनं, नवीन लावलेल्या दिव्यांखालून.  मग बाबा, ज्यांनी सव्वीस वर्षांत या विषयावर दुसरं वाक्य उच्चारलं नव्हतं, म्हणाले, "पाठ मात्र एक नंबर आली." आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "माह्या तोंडाचं काय झालं?"

"टेप खराब झाली," मी म्हटलं. "तेवढीच नेमकी."

"हव," आई म्हणाली. तिकडच्या बायका म्हणतात तसं. घरात ती हा शब्द कधी वापरत नसे.

त्यानंतर तिनं आरशासमोर थबकणं सोडलं. काच मी दुसऱ्याच दिवशी बसवली होती, खिळे तेच, भोकं तीच. ती सकाळी पुसायची, पण पदराच्या टोकाचा तिसरा हात बंद झाला. मराठी मंडळानं त्याच वर्षी पुन्हा एकदा विचारलं, आजीचं काम होतं, बसून करायचं. बाबा म्हणाले, कर. आईनं सांगितलं, माझी पाठ दुखते.

मी फिल्म वगैरे काही केली नाही. नागपूरला येऊन लग्नाचे व्हिडिओ काढले, वीस-बावीस वर्षं. लोकांच्या आयांचे चेहरे टिपून पोट भरलं. पाठवणीच्या वेळी मी कॅमेरा नवरीवर कधी ठेवत नसे, नवरीच्या आईवर ठेवायचो, आणि लोक म्हणायचे, वा, काय नजर आहे. हाताखालच्या पोरांना मी थांबणं म्हणजे काय ते शिकवायचो. एका बाईनं एकदा कसं थांबून दाखवलं होतं ते करून दाखवायचो, डोळे बारीक करून, ओठांची एक बाजू उचलून. कोणती बाई, ते सांगत नसे. एकदा एका पोरानं विचारलं, सर, त्याची कॅसेट आहे का? मी त्याला चहा आणायला पाठवलं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली, आरसा गोधडीत गुंडाळून. खांब प्रवासात मोडले म्हणून मी तो भिंतीला लावत होतो, ती पलंगावर बसून सांगत होती, जरा वर, जरा डावीकडे. मोतीबिंदूनं तिला धड दिसत नव्हतं, तरी सांगत होती. पाठमोरं असलं की माणसाला धीर येतो. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "आई, ती टेप खराब नव्हती झाली. कॅमेऱ्यात टेपच नव्हती."

"माहीत हाये मले," ती म्हणाली.

मी वळलो नाही. हातात हातोडी होती.

"तो साहूचा पोट्टा हात मांगं घेऊन उभा होता न. आन तूच काच ठेवली होती त्याच्या मांगं, भिताडाले. त्याच्या हातातली कॅसेट मले अशी दिसून राहिली होती," ती म्हणाली, "माह्याच आरशात. बोट कपाळावर होतं तवाच."

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? त्या पोट्ट्यासमोर तुले तोंड दाखवाले जागा ठेवाची का नाही?" ती पलंगावरून उठली, चाचपडत आली आणि आरशावर पदराचं टोक फिरवायला लागली. "आन इचारलं तं होतं मी तुले, आलं का म्हणून. तू म्हनला, आलं."